गोळीबाराच्या आधीचा तास : 'क्लास' हा एस्टोनियन सिनेमा

सिनेमा सुरू होतो तोच पीटीच्या तासाने. बंदिस्त हॉल, बास्केटबॉलचा सामना, आणि योसेप नावाच्या एका पोराला चेंडू काही केल्या जमत नाही. टीममधली पोरं त्याच्याकडे बघतात. ती नजर मैदानावर मला नेहमी दिसते. तिच्यात रागापेक्षा हक्क जास्त असतो. याच्यामुळे हरलो, म्हणजे आता याला काहीही केलं तरी चालतंय. सामना संपतो, पोरं कपडे बदलायच्या खोलीत जातात, योसेपला धरून त्याचे कपडे उतरवतात आणि मुलींच्या खोलीत ढकलून देतात. सिनेमा सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झालेली असतात. आमच्या मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

इल्मार राग या दिग्दर्शकाचा हा सिनेमा 2007 सालचा. आमच्या गावातल्या फिल्म क्लबने तो एका रविवारी लावला आणि शाळेतल्या आम्हा काही जणांना मुद्दाम बोलावलं. मी माध्यमिक शाळेत खेळ शिकवतो, खो-खोची टीम बघतो. कॅमेरा, संकलन यातलं मला बेताचंच कळतं. पण पोरांचा घोळका एखाद्यावर कसा उठतो, हे मैदानावर जेवढं दिसतं तेवढं फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकाला दिसत नाही. म्हणून हे लिहितोय. गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहे. ज्यांना आधी कळलेलं चालत नाही त्यांनी सिनेमा बघून मग वाचावं.

एस्टोनिया देश लहान. लोकसंख्या 13 लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. तिथे सिनेमाला पैसा तो किती असणार! राग हा आधी तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीचा प्रमुख होता. ती खुर्ची सोडल्यावर त्याने थोडक्या पैशांत, नवख्या तरुण पोरांना घेऊन हे 99 मिनिटांचं काम उभं केलं. चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोवी वारीच्या चित्रपट महोत्सवात त्याचं कौतुक झालं, एस्टोनियाने तो ऑस्करलाही पाठवला. नामांकन मिळालं नाही. पुढे याच रागने जान मोरोसारख्या दिग्गज फ्रेंच अभिनेत्रीला घेऊन सिनेमा केला. पण त्याचं नाव निघालं की लोक अजून 'क्लास'बद्दलच बोलतात, आणि का ते कळतं.

गोष्ट अशी. वर्गाचा म्होरक्या आंदर्स. त्याच्यामागे सगळी पोरं. योसेप हा सगळ्यांचा हक्काचा बकरा. कास्पर आंदर्सच्याच गटातला, उंचापुरा, खेळात बरा, तेआ नावाची मैत्रीण असलेला, म्हणजे त्या वर्गात ज्याचं बरं चाललंय असा पोरगा. त्या बदलायच्या खोलीतल्या प्रकारानंतर त्याच्या आत काहीतरी अडतं. तो योसेपची बाजू घ्यायला लागतो. आधी नुसतं 'बास करा आता' एवढंच. मग वर्गाला त्याचा राग येतो, आणि पुढच्या थोड्याच दिवसांत ज्या पायरीवर योसेप उभा असतो त्याच पायरीवर कास्परही येऊन उभा राहतो.

कास्परला यात काही मोठं तत्त्वज्ञान दिलेलं नाही हे मला फार आवडलं. तो काही समाजसुधारक नाही. योसेपशी त्याची धड मैत्रीही नाही. दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेही सुचत नाही. एकदा बाजू घेतली म्हणून घेतली, आणि आता मागे फिरलं तर तोंड काळं होईल, एवढ्यावर तो उभा आहे. आमच्या खो-खोत आठ गडी पाट्यांवर ओळीने बसतात. पाठीमागून 'खो' मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठून एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, वळलास की फाउल. आंदर्सचा वर्ग मला तसाच बसलेला दिसला. त्याने खो दिला की एकेक जण उठतो, आपलं काम करतो, परत बसतो. कास्पर खो न मिळताच उठला, आणि त्याने घेतलेली दिशा उलटी होती. नियम मात्र त्यालाही तोच लागू. वळता येत नाही.

आणि बाकीची ओळ? तिच्यावरच सिनेमाचा खरा डोळा आहे. आंदर्स फार थोड्या वेळा स्वतः हात उचलतो. तो बघतो, मान हलवतो, एखादा शब्द टाकतो. मारतात दुसरे. तिसरे हसतात. चौथे वही उघडून बसतात. मुली नाक मुरडून खिडकीकडे बघतात. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली या बाईंनी 1990 च्या दशकात नेमकं हेच मांडलं. छळ ही दोघांमधली भानगड नसते, त्यात अख्ख्या वर्गाला कामं वाटलेली असतात. छळणारा, त्याला हात देणारे, हसून हवा देणारे, बाजूला सरकणारे, बाजू घेणारा आणि सोसणारा. त्यातूनच पुढे 'किवा' नावाचा शाळांसाठीचा कार्यक्रम निघाला, 2009 पासून फिनलंडभर पसरला आणि नंतर एस्टोनियातही गेला. त्याचा भर म्होरक्याला धरून झोडण्यावर नाही, हसणाऱ्यांचं हसू थांबवण्यावर आहे. सिनेमा बघताना हे सगळं शिकवल्यासारखं अजिबात वाटत नाही. पण दुसऱ्यांदा बघाल तर आंदर्सकडे बघू नका, त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोरांची तोंडं बघा. एकाची तरी नजर खाली जाते. त्याला कळलेलं असतं. तो हसतोही सगळ्यात मोठ्याने.

मैदानावर हे कुठे दिसतं ते सांगतो. टीम पाडायची आपल्याकडची पूर्वापार पद्धत म्हणजे दोन चांगले गडी पुढे उभे करायचे आणि म्हणायचं, घ्या वाटून. पहिले चारपाच पटापट जातात. मग वेग कमी होतो. शेवटी दोघं उरतात, मग एक. ज्याच्या वाट्याला तो येणार तो कॅप्टन म्हणतो, "सर, आम्हाला एक गडी कमी चालेल, ह्याला त्यांच्यातच द्या." आणि सगळे हसतात. उरलेला पोरगाही हसतो. ते त्याचं हसणं ऐकलंत तर हा सिनेमा निम्मा कळला म्हणून समजा. मी रांगेत एक-दोन, एक-दोन म्हणायला लावून टीम पाडतो. पोरं कुरकुरतात, चुरस राहत नाही म्हणतात. नाही राहिली तर नाही राहिली.

कपडे बदलायची खोली ही चैन आमच्याकडे नाही. पोरं वर्गाचं दार लोटून बदलतात आणि बाहेर एकाला उभं करतात. पण शाळेत मोठ्या माणसाची नजर जात नाही अशा जागा तिकडे आणि इकडे अगदी सारख्याच. संडासाची वाट, जिन्याखालचा कोपरा, सायकल स्टँडची मागची बाजू, मधली सुट्टी संपून तास सुरू व्हायच्या मधली पाच मिनिटं. राग हे पक्कं ओळखून आहे. त्याच्या सिनेमात शिक्षक दारातून आत येतात तेव्हा सगळं नुकतंच झालेलं असतं. पोरं जागेवर, वह्या उघड्या, आणि एकाचे कान लाल.

आता शिक्षकांकडे येऊ, कारण आमच्या गटात सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाला. योसेपच्या अंगावरच्या खुणा घरी दिसतात, आईचा शाळेत फोन जातो. मग वर्गात विचारणा होते, आणि वर्ग एका सुरात नाव घेतो कास्परचं! योसेप गप्प. कास्पर चिडका, तोंडाळ, आधीच नजरेत आलेला. शाळेला आरोपी मिळतो, प्रकरण मिटतं. आमच्या विज्ञानाच्या मॅडम बाहेर आल्या आल्या म्हणाल्या, "सर, इतक्या मूर्ख बाई कुठे असतात का? हे शिक्षकांना बदनाम करणं झालं." मला नाही तसं वाटलं. त्या बाई मूर्ख नाहीत, घाईत आहेत. त्यांना 'कोणी केलं' याचं उत्तर हवंय, आणि तीस पोरांसमोर उभं राहून विचारलं की जे उत्तर मिळायचं तेच मिळतं. ज्याला त्रास होतो त्यालाच सगळ्यांदेखत 'सांग बाळ, कोण ते' असं विचारणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मुलींच्या खोलीत ढकलणं. मॅडमना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, मग विचारायचं कसं? प्रश्न बरोबर आहे. एकेकाला वेगळं बोलवायचं, हसणाऱ्यांपासून सुरुवात करायची, आणि सोसणाऱ्याला शेवटी, तेही त्याने काही सांगितलंच पाहिजे असा हट्ट न धरता. पण तेवढा वेळ कोणाकडे असतो? एका डोळ्याने घड्याळ, दुसऱ्याने पोर्टलवर भरायची माहिती.

घरं दोन दाखवली आहेत, आणि दोन्ही घरांत प्रेम आहे. कास्पर आजीजवळ राहतो. योसेपला आई आहे, वडील आहेत. वडील बंदुका बाळगणारा, ताठ कण्याचा माणूस. पोरगा मार खाऊन येतोय हे त्याला सहन होत नाही. त्याचा सल्ला एकच, उलट हाण. आपल्याकडे काय वेगळं असतं? 'मार खाऊन आलास तर घरात घेणार नाही' हे वाक्य मी पालक सभेत हसत हसत म्हटलेलं ऐकलंय. या बापाचा मला राग आला नाही, कीव आली. त्याच्यापाशी जेवढी हत्यारं होती तेवढी त्याने दिली, आणि पुढे पोरांनी ती शब्दशः घेतली.

सिनेमाच्या जाहिरातीत कुठेही आजार हा शब्द येत नाही. पडद्यावरही कोणी डॉक्टर नाही, गोळ्या नाहीत, निदान नाही. तरी माझ्या मते हा मनाच्या आजाराचाही सिनेमा आहे. योसेप बोलणं थांबवतो. जेवणाच्या टेबलावर तो असून नसल्यासारखा असतो. अंगाला हात लागला तर आक्रसतो. प्रत्येकजण त्याचा आपापला अर्थ लावतो. घरच्यांना तो हट्टी वाटतो, शाळेला लाजाळू, पोरांना शेळपट. झोप लागते का रे तुला, एवढा साधा प्रश्न अख्ख्या सिनेमात त्याला कोणी विचारत नाही. कास्परचं उलट. त्याचा आजार बाहेर येतो, धुसफूस, थरथर, भांडण. त्यामुळे तो गुन्हेगार ठरतो. गप्प बसणारा आणि आरडाओरडा करणारा, दोघंही एकाच दुखण्याने पिडलेले असू शकतात, हे शाळेत ओळखणं फार अवघड जातं.

शनिवारी सकाळची शाळा, कवायत, पांढरा गणवेश. ज्या पोराचं शनिवारीच पोट दुखतं, त्याचं पोट खरंच दुखत असतं. ते नाटक नव्हे. भीतीने पोट दुखतं, डोकं दुखतं, उलटी होते, कोणताही बालरोगतज्ज्ञ हे सांगेल. शनिवार आला की दांडी, पीटीचे बूट सारखे हरवतात, डब्यातलं परत जातं, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात किंवा थेट माझ्या साहित्याच्या खोलीपाशी घुटमळणं, या खुणा. सिनेमात योसेपच्या बाबतीत अशा खुणा पेरलेल्या आहेत, आणि एकही मोठं माणूस त्या एका ओळीत मांडून वाचत नाही. (कोणाच्या घरी असं पोर असेल तर मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी मदतीचा नंबर मराठीतही चालतो, आणि मुलांसाठी 1098 आहेच. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.)

आता मधला सगळ्यात जड भाग. आंदर्सची टोळी कास्परच्या नावाने योसेपला आणि योसेपच्या नावाने कास्परला खोटे ई-मेल पाठवते. दोघं समुद्रकिनाऱ्यावर येतात. तिथे सुरीच्या धाकाने त्या दोघांना एकमेकांशी जे करायला लावतात ते लैंगिक अत्याचारच आहे, आणि त्याचे फोटो काढले जातात. मी तो प्रसंग इथे लिहीत नाही. पडद्यावरही रागने कॅमेरा फार चघळत ठेवलेला नाही, पण बघवत नाही एवढं खरं. आमच्यातल्या दोन बाया उठून बाहेर गेल्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुम्हीही गेलात तरी चालेल. मला त्यात लागलं ते फोटोचं. 2007 साली स्मार्टफोन आजच्यासारखा प्रत्येकाच्या खिशात नव्हता, तरी त्या पोरांना कळलेलं होतं की मारापेक्षा फोटो जास्त दिवस टिकतो. आज नववीच्या वर्गाचा एक शाळेला माहीत असलेला ग्रुप असतो आणि एक माहीत नसलेला. त्या दुसऱ्या ग्रुपवर काय फिरतं, याची चौकशी कोणी करत नाही.

किनाऱ्यानंतर शेवट. योसेपच्या घरातल्या बंदुका, शाळेचं जेवणघर, गोळीबार. योसेप शेवटी स्वतःला संपवतो. दोघांनी एकत्रच मरायचं ठरवलेलं असतं, पण कास्पर स्वतःवर गोळी झाडत नाही. तो उरतो.

इथे माझं आणि सिनेमाचं फाटतं. तासभर हा सिनेमा इतका बारकाईने बघतो, हसू कुठून निघतं, मान कोण हलवतं, आणि मग एकदम बंदुकीपाशी आल्यावर तो बारकावा टाकून देतो. गोळीबार अटळ होता असं वाटायला लागतं. हॉलमध्ये मला जे जाणवलं ते सांगतो. आंदर्सच्या टोळीवर गोळ्या सुटल्या तेव्हा काही प्रेक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ऐकू आला मला. 'बरं झालं' असा. तासभर आपल्याला इतकं कोंडून ठेवलं की सूड हीच एक खिडकी उरली. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलं असेल, आपल्यालाच आरसा दाखवायला. असेलही. पण सोळा वर्षांच्या, आधीच पोट दुखणाऱ्या पोराने हे एकट्याने मोबाइलवर बघितलं, तर त्याच्या हातात आरसा येईल की खिडकी, याची मला धास्ती वाटते.

शिवाय हिशोबही तसा नाही. ज्यांचा छळ होतो त्यातली बहुतेक पोरं कोणावर हात उगारत नाहीत. ती शाळा सोडतात, मार्क घसरतात, गप्प होतात, स्वतःलाच इजा करून घेतात. नॉर्वेत 1982 च्या अखेरीस तीन मुलांनी छळाला कंटाळून जीव दिला, त्यानंतर 1983 साली देशभर मोहीम निघाली आणि दान ऊलवेउस या मानसशास्त्रज्ञाचं काम शाळाशाळांत गेलं. तिथे बंदूक कोणीच उचलली नव्हती. अमेरिकेत 1999 साली कोलंबाइनच्या शाळेत 12 विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. तेव्हाही मारेकरी पोरांचा आधी छळ झाला होता हा खुलासा सगळ्यात आधी पुढे आला, आणि पुढे तो बराच वादात सापडला. 'क्लास' मार्च 2007 मध्ये एस्टोनियात लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मधल्या समुद्राच्या आखातापलीकडे फिनलंडच्या योकेला गावात एका विद्यार्थ्याने शाळेत आठ जणांना मारलं. आणि डिसेंबरात आपल्याकडे गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलाला त्याच्याच वर्गातल्या मुलांनी घरून आणलेल्या पिस्तुलाने मारलं. तो दादागिरी करायचा, असं तेव्हा बातम्यांत आलं. या तिन्ही घटना एका दोरीत ओवायच्या नाहीत, सिनेमाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. मला एवढंच दिसतं की प्रत्येक वेळी कारण विचारलं जातं आणि एकच एक कारण मिळालं की सगळे घरी जातात. बंदूक घरात कोणाच्या कपाटात होती, हा प्रश्न मागेच राहतो. 'क्लास'मध्येही तो मागेच राहिलाय, आणि ही त्याची सगळ्यात मोठी उणीव.

याच विषयावरचा गस व्हॅन सँटचा 'एलिफंट' 2003 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेला. त्यात कारण जवळजवळ दिलेलंच नाही, पोरं नुसती लांबलचक बोळांतून चालत राहतात. 'क्लास'मध्ये कारणाशिवाय दुसरं काही नाही. मला दोन्ही अर्धे वाटले. पण शाळेत काम करणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल तो 'क्लास'च, कारण त्यातलं पहिल्या तासातलं काही ना काही उद्या सकाळी परिपाठाला रांगेत उभं असतं.

पोरांनी कामं काय केली आहेत! ती नटांसारखी वाटतच नाहीत. वाल्लो किर्सचा कास्पर आतून तापत गेलेला कळतो. आंदर्सचं काम करणारा लाउरी पेदाया खलनायकासारखा डोळे वटारत नाही, त्याला उलट कंटाळा आलेला असतो, आणि त्या कंटाळ्याचीच जास्त भीती वाटते. योसेप झालाय पॅर्त ऊसबेर्ग. खांदे आत ओढून चालणं, बोलण्याआधी ओठ चाटणं, हे शिकवून येत नाही. त्याच्याबद्दल नंतर कळलेली गोष्ट अशी, की तो पुढे संगीतकार झाला, समूहगानाच्या रचना करतो, गायनवृंद चालवतो. एस्टोनियात 1869 पासून समूहगानाचा उत्सव भरतो, हजारो माणसं एकत्र उभी राहून गातात. तीस जण एका सुरात खोटं बोलतात तो वर्ग ज्याने सोसून दाखवला, तो आता माणसांना एका सुरात उभं करतो. अर्थात हा योगायोग, पण मला बरं वाटलं.

कॅमेरा हातात धरून फिरवलाय, सारखा हलतो. सुरुवातीला डोकं गरगरतं. पुढे सवय होते, कारण पोरांच्या घोळक्यात उभं राहिल्यावर असंच दिसतं, कोणाच्या तरी खांद्यावरून, मान वाकडी करून. मध्येमध्ये भराभर कापलेले तुकडे आणि दणदणीत संगीत येतं, तेवढं मला नको वाटलं. जिथे शांतता पुरली असती तिथे ढोल वाजवलाय.

कोणाला दाखवावा? सातवी-आठवीच्या पोरांना अजिबात नको. अकरावी-बारावीला दाखवायचा तर आधी समुपदेशकाला बसवून, किनाऱ्याच्या प्रसंगाची आधी कल्पना देऊन, आणि संपल्यावर दिवे लावून 'चला घरी' न म्हणता. शिक्षकांना मात्र दाखवाच. उन्हाळी प्रशिक्षणात पीपीटी बघत जे दिवस जातात, त्यातली एक दुपार याला द्यावी. पहिला तास दाखवून बंद केला तरी चालेल. मी तर म्हणेन बंदच करा, आणि शिक्षकांनाच विचारा, आता इथे तुम्ही काय कराल? विज्ञानाच्या मॅडमना ही कल्पना आवडली, शेवट न दाखवण्याची नाही आवडली. त्यांचं म्हणणं, शेवट बघितल्याशिवाय कोणी हलत नाही. त्यांनी मुख्याध्यापकांना पूर्ण सिनेमाच सुचवलाय, मी अर्धा. मुख्याध्यापक म्हणाले, आधी परीक्षा होऊ देत.

याच गोष्टीपुढची सात भागांची मालिका रागच्या मंडळींनी 2010 साली तिथल्या टीव्हीसाठी केली. गोळीबारानंतर जे मागे राहिले त्यांची ती. कास्पर उरतो ना, त्यामुळे प्रश्न उरतातच. सबटायटल्ससह मिळाली की फिल्म क्लबवाले तीही लावणार आहेत. त्यांना मी सांगून ठेवलंय, रविवारी नको, शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर लावा, म्हणजे वर्गशिक्षकही येतील.